डिकीतले सुटे नारळ

१

रत्नप्रभाच्या आजारपणाची फाइल हरवली त्याला वर्ष उलटून गेलं होतं. एका गुरुवारी सकाळी शहापूरच्या नाक्यावरचा पंक्चरवाला रघू ती फाइल घेऊन इंद्रजीतच्या दारात उभा राहिला.

"जय भीम, काका. हा नंबर तुमचाच ना?"

पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीतून फाइलवरचा मोबाइल नंबर दिसत होता. तो इंद्रजीतने स्वतःच जाड पेनाने लिहिला होता. खाली नाव होतं, रत्नप्रभा.

"कुठं मिळाली?"

"लाल अल्टोत. स्टेपनीच्या खाली."

"कुणाच्या अल्टोत?"

"धसईच्या धाकलूकाकांच्या. गाडी विकायला काढली त्यांनी. टायर बघायला आणून लावली काल. जाताना बोलले, स्टेपनी काढून बघ. मी हो बोललो. परत मागं आले आणि परत बोलले, रघू, स्टेपनी काढून बघ हां. काढली, तर खाली ही."

रघू गेला. इंद्रजीतने फाइल टेबलावर ठेवली आणि बराच वेळ तिला हातच लावला नाही.

फाइल हरवली नसती तर रत्नप्रभा आज या घरात असती. निदान इंद्रजीत तरी वर्षभर हेच धरून बसला होता. तिच्या घशात गाठ होती. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले होते, स्वरयंत्रासकट काढावी लागेल. आवाज जाईल, बाई जगेल. ऑपरेशनसाठी सोमवारी भरती व्हायचं होतं. फाइलमध्ये कल्याणच्या लॅबमधल्या तपासणीच्या काचपट्ट्या होत्या, स्कॅनच्या सीड्या होत्या, सगळं होतं. सोमवारी खिडकीपाशी त्याने बॅग उघडली, तर फाइल नव्हती. सगळ्या तपासण्या पुन्हा करण्यात पाच आठवडे गेले. तोवर गाठ पसरली होती. मे महिन्यात रत्नप्रभा गेली.

आणि धाकलू म्हणाला होता, "पुरी गाडी झाडली रे, काय नाय."

धाकलू म्हणजे तीस वर्षांचा दोस्त. कसाऱ्याला दोघे रेल्वेच्या एकाच टोळीत कामाला लागले होते. इंद्रजीत पुढे चावीवाला झाला. रोज खांद्यावर हातोडा घेऊन रुळाच्या कडेने सहा-सात किलोमीटर चालायचं, रूळ धरून ठेवणारी प्रत्येक चावी ठोकून बघायची. घट्ट चावी टण्ण बोलते. सैल असली की बद्द वाजते. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी ती सवय गेली नव्हती. माणसांच्या बोलण्यावरही तो असाच हातोडा मारून बघायचा.

धाकलूवर मात्र त्याने कधी हातोडा मारला नव्हता. फाइल कचऱ्यात टाकलीस म्हणून त्याने धाकलूला शिव्या दिल्या, बोलणं तोडलं, रत्नप्रभाच्या पुण्यानुमोदनाला तो दारात आला तर दारातूनच परत पाठवला. पण तेव्हा त्याला वाटलं होतं, धाकलूचा हलगर्जीपणा झाला.

स्टेपनीखाली फाइल हलगर्जीपणाने जात नाही.

त्याने पिशवी जवळ ओढली. तिच्यावर सुंभ गुंडाळलेलं होतं, नारळाच्या काथ्याचं, हाताने वळलेलं. एका टोकाला हिरव्या कापडाची बोटभर चिंधी. सोडायला म्हणून त्याने गाठ शोधली.

गाठ नव्हतीच.

२

दोन टोकं एकत्र घेऊन पिळलेली होती आणि तो पीळ खालच्या वेढ्यात खोचलेला होता. इंद्रजीतचा बाप रेल्वेत, तो स्वतः रेल्वेत. शेती त्याने लांबूनच बघितली. पण ही बांधणी त्याला ठाऊक होती. भाताचा किंवा पेंढ्याचा भारा असाच बांधतात. गाठ मारत बसलं तर दिवस पुरत नाही. पिळायचं, खोचायचं, पुढे सरकायचं.

म्हणजे बांधणारा शेतात राबलेला होता.

तो खुर्चीत बसला आणि त्याने मागच्या जानेवारीतले ते चार दिवस डोक्यात पुन्हा चालायला घेतले, एकेक चावी ठोकत.

गुरुवारी पहाटे निघाले. गाडी धाकलूची, चालवणारा इंद्रजीत. घरात दोघंच होते, मूलबाळ नव्हतं. रत्नप्रभाने समुद्र पाहिला होता तो मुंबईतला. ती म्हणाली होती, "भरती व्हायच्या आधी एकदा मोकळा समुद्र दाखवा." अलिबाग, काशीद करत रात्री मुरूडला मुक्काम. थंडी होती, ती गळ्याला मफलर गुंडाळून वाळूत बसून राहिली. त्या रात्री झोपायच्या आधी त्याने काळ्या बॅगेत फाइल बघितली होती. होती.

शुक्रवारी आगरदांड्याला गाडी जंगल जेटीवर, गाड्या नेणाऱ्या बोटीवर, चढवली. बोट सुटल्यावर ती कठड्याला टेकून म्हणाली, "अहो, नको करू या ते ऑपरेशन."

"परत तेच? सही केलीयस ना तू?"

"तुमी केलीत म्हणून केली."

"गप. समुद्र बघ."

दिघीच्या पुढे चढावर पंक्चर झाली. इंद्रजीतने स्वतः स्टेपनी काढली, चाक बदललं. स्टेपनीच्या खाचेत जॅक आणि पाना, बाकी काही नव्हतं. दिवेआगरला पंक्चर काढून ते चाक त्यानेच परत खाचेत बसवलं. म्हणजे शुक्रवार दुपारपर्यंत खाली फाइल नव्हती.

दिवेआगरला दोन रात्री. घरगुती राहण्याची सोय होती. मालकीण रुपाताई, मोठ्या आवाजाची बाई. शनिवारी ती वाडीत पेंढा बांधत होती. रत्नप्रभा ओट्यावरून उठली आणि न विचारता तिच्या शेजारी जाऊन बसली. किन्हवलीची पोर, बारा वर्षांची असल्यापासून भारे बांधलेले. दहा-बारा भारे होईपर्यंत थांबली नाही. रुपाताई हसायला लागली. "अगो, तुझा पीळ उलटा पडतो की! डावखुरी दिसतेस." रत्नप्रभाही हसली. तिला तसं हसताना त्याने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

रविवारी निघताना रुपाताईने नारळांची जोडी दिली, शेंडीला शेंडी बांधून. त्याने ती डिकीत ठेवली. माणगावला चहाला थांबले. रत्नप्रभाला चहा गिळवत नव्हता, ती गाडीतच बसली. पुढे सगळा रस्ता नारळ डिकीत गडगडत आले. प्रत्येक वळणाला इकडून तिकडे, गडगड. तो वैतागून म्हणाला, "थांबून बांधू का गो?" ती म्हणाली, "वाजू दे."

संध्याकाळी शहापुरात पोचले. दारात धाकलू गाडी न्यायला आलेला. शिवाय रत्नप्रभाचा धाकटा भाऊ प्रशांत, किन्हवलीहून ताज्या वालाच्या शेंगा घेऊन. इंद्रजीतने आत जाऊन चहा टाकला. प्रशांतने गाडीतलं सामान उतरवलं.

चहाचं आधण डोळ्यांसमोर येताच इंद्रजीत थांबला. एक चावी बद्द वाजली होती.

प्रशांतने सामान उतरवलं होतं. आणि प्रशांत पहिल्या दिवसापासून ऑपरेशनच्या विरुद्ध होता.

३

किन्हवलीची एसटी त्याला अकराला मिळाली. प्रशांत खळ्याच्या कडेला पेंढा रचत होता. त्याची म्हातारी आई, येसूबाई, ओट्यावर उन्हात बसली होती. तिच्या शेजारी एक ढोलकी उलटी ठेवलेली होती.

"दाजी! फोन तरी करायचा. जेवून जाणार ना?"

"आधी एक भारा बांधून दाखव."

"काय?"

"बांध तू. सांगतो मग."

प्रशांतने हसत पेंढ्याची एक कवळ ओढली, पेंढ्याच्याच काड्यांचा वळ करून खालून घेतला, गुडघा दाबला, पीळ मारला आणि खोचला. इंद्रजीत वाकून बघत राहिला. मग पिशवीतून त्याने फाइल काढली.

प्रशांतचं हसू गेलं. फाइल बघून त्याला धक्का बसला यात शंका नव्हती. पण वर्षापूर्वी हरवलेली वस्तू समोर आली की माणूस आधी विचारतो, कुठं मिळाली. प्रशांतने ते विचारलंच नाही.

"तुला ठाऊक होतं," इंद्रजीत म्हणाला.

"काय ठाऊक?"

"उगाच वेड पांघरू नको. सामान तू उतरवलंस."

"मागच्या सीटवरचं. डिकी धाकलूकाकांनी उघडली." प्रशांत खाली बसला. "दाजी, मी ताईला बोललो होतो, नको करू. तोंडावर बोललो, तुमच्या पण. मी असले चोरीचे धंदे करत नाय. ही फाइल मी आज बघतोय, आईशपथ."

हे टण्ण वाजलं. त्याच्या आधीचं वाजलं नव्हतं.

"मग घाबरलास का?"

प्रशांत उत्तर द्यायच्या आत येसूबाई ओट्यावरून बोलली. तिला ऐकू कमी यायचं, त्यामुळे ती तिच्याच धाग्यावर होती.

"जावई आलं काय? रतन गेली माझी. पन गानं ठेवून गेली हो."

"आये, गप," प्रशांत म्हणाला.

"गप काय? खोटं हाय काय?"

"ही ढोलकी कुणाची?" इंद्रजीतने विचारलं.

"बायकांच्या मंडळाची. विहारातली." प्रशांतची नजर जमिनीवर. "कातडं सुटलंय, म्हणून आणली."

इंद्रजीतने तेव्हा ते सोडून दिलं. म्हातारी भरकटली असं त्याला वाटलं. रत्नप्रभा पूर्वी विहारात वंदना घ्यायची, भीमगीतं म्हणायची, सगळा तालुका ओळखायचा तिला. पण आजार निघाल्यावर तिने गाणं सोडलं होतं. त्या पाच आठवड्यांत तो रोज पहाटे मुंबईला जायचा, काचपट्ट्यांसाठी, शिक्क्यांसाठी, सह्यांसाठी. म्हणून तिला इथे माहेरी ठेवलं होतं. रविवारी तो भेटायला यायचा. रविवारी तिचा घसा बसलेला असायचा. ती नुसती कुजबुजायची आणि तो म्हणायचा, "बोलू नको, घसा सांभाळ."

एसटीच्या थांब्यावर उभं राहून त्याने दोन पीळ मनात शेजारी ठेवले. प्रशांतचा पीळ उजवीकडे वळलेला होता.

त्याने पिशवीत हात घालून सुंभावर बोट फिरवलं. फाइलीचा पीळ डावीकडे होता.

४

त्याने तिथूनच रुपाताईला फोन लावला.

"कोण? शहापूरचे? अहो, कशी आहे तुमची बाई?"

"गेली. मे महिन्यात."

ती म्हणाली, "काय सांगता! हाताला काय उरक होता तिच्या."

"ताई, एक विचारायचं होतं. नारळ दिले होते तुम्ही, जोडी. ती कशाने बांधली होती?"

"सुंभाने. आम्ही घरीच वळतो."

"त्याला काही खूण?"

"हिरवी चिंधी. आमच्या वाडीच्या प्रत्येक जोडीला असते. चार वाड्यांचे नारळ एका टेम्पोत जातात, मग आपले कुठले कळायला नको? का हो?"

"काही नाही," इंद्रजीत म्हणाला. त्याने फोन ठेवला तेव्हा मुरबाडची एसटी समोर येऊन उभी होती. तो चढला. खिडकीशी बसला आणि त्याने सगळं ओळीने लावलं.

नारळ सुंभाने बांधलेले होते. डिकीत त्यानेच ठेवले, तेव्हा जोडी होती. माणगावपर्यंत आवाज नव्हता. माणगावनंतर गडगडायला लागले, म्हणजे सुंभ माणगावला सुटलं. माणगावला गाडीत एकच माणूस बसलेलं होतं.

डावखुरं माणूस. भारे बांधलेलं माणूस. बांधू का म्हटल्यावर "वाजू दे" म्हणणारं.

तो चहा पीत टपरीवर उभा असताना, दहा पावलांवर, रत्नप्रभाने सीटमागून डिकीत हात घालून नारळांचं सुंभ सोडलं होतं, काळ्या बॅगेतून फाइल काढली होती, पिशवीत घातली होती, आणि बांधून स्वतःच्या झोळीत लपवली होती. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी बॅग रिकामी निघाली तेव्हा तीच शेजारी उभी होती. त्याच्याबरोबर तिने बॅग चाचपली होती. तीच म्हणाली होती, "दिवेआगरला तर नाय ना राहिली?"

एसटीत शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, "बाबा, बरं वाटत नाय काय?" त्याने मान हलवली. चोर सापडला होता, आणि त्या चोराच्या फोटोला तो रोज सकाळी फूल वाहत होता.

पण एक चावी अजून राहिली होती. स्टेपनी. त्या दिवसांत तिला पाण्याचा हंडा उचलवत नव्हता. स्टेपनी उचलून खाली काही ठेवणं तिच्या ताकदीबाहेरचं होतं. ती दुसऱ्याने उचलली.

रविवारची संध्याकाळ. तो आत, चहापाशी. खिडकीतून त्याने रत्नप्रभाला गाडीकडे जाताना पाहिलं होतं, हातात कागदाचं मोठं पुडकं. "कुठं चाललीस?" "भाऊजींना सुके बोंबील देते," ती म्हणाली होती.

इंद्रजीतने डोळे मिटले. तीस वर्षं तो ज्याच्या शेजारी बसून डबा खात होता, त्या माणसाच्या गळ्यात पहिल्या दिवसापासून तुळशीची माळ होती. धाकलूच्या घरात बोंबील शिजत तर नव्हतेच, उंबऱ्याच्या आतही येत नव्हते.

हे त्याला वर्षभर दिसलं नव्हतं.

५

मध्ये एसटी बदलून तो धसईला पोचला तर बाजारातच धाकलू भेटला. भेंडी आणि काकडी घेऊन बसला होता, शेजारी त्याची बायको सावळी. इंद्रजीतला बघून सावळी उठली. "बसा तुमी," म्हणाली आणि काकड्यांची टोपली तशीच टाकून चहा आणायला गेली.

इंद्रजीत बसला नाही. त्याने फाइल भेंडीच्या ढिगावर ठेवली.

"बोंबील कसे लागले, धाकल्या?"

धाकलूने फाइलीकडे बघितलं, मग गळ्यातल्या माळेला हात लावला. त्याचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता.

"उशीर केलास रे. मी म्हटलं, सहा महिन्यांत येशील. चावीवाला हाय, डोकं चालवील."

"तुला वर्षभर तोंड नव्हतं?"

"तिला जबान दिलेली, माझ्या तोंडून निघणार नाय. मी नाय बोललो. स्टेपनीनं जबान दिली नव्हती." त्याने नाक पुसलं. "ती बोललेली, जाळून टाका. मी नाय जाळली. तुझा नंबर होता वर. गाडी विकायची निघाली तेवा म्हटलं, आता रघूलाच सापडू दे."

"मी तुला शिव्या घातल्या. दारातून हाकलला."

"हाकललास."

"एका शब्दाने सांगितलं असतंस तर ऑपरेशन झालं असतं! जगली असती ती!"

आजूबाजूची माणसं बघायला लागली. पलीकडच्या तांदूळवाल्याने वजनाचा काटा हातातच धरून ठेवला.

"जगली असती," धाकलू म्हणाला. "मुकी. मी पन हेच बोललो तिला, गाडीपाशी. वयनी, इंद्रा मरंल तुझ्यामागं. ती बोलली, भाऊजी, त्यांना तीनदा सांगितलं. जेटीवर पन सांगितलं. ते म्हणतात, समुद्र बघ."

इंद्रजीतने भेंडीच्या ढिगावरची फाइल सरळ केली.

"मी नाय म्हणालो असतो तर तिनं खाडीत टाकली असती. मग म्हटलं, माझ्याजवळ तरी राहू दे. तिचं मन फिरलं तर दुसऱ्या दिवशी काढून देऊ. रोज विचारायचो मी. वयनी, देऊ काय परत? नाय म्हणायची."

"रोज? रोज कुठं भेटायचास तू?"

धाकलूने एक काकडी उचलून परत टोपलीत ठेवली. आता खरं तोंड उघडावं लागणार हे त्याला कळलं होतं.

"किन्हवलीला. विहारात. चार वाजले की बाया जमायच्या. ती गायची रे. घसा खरखरायचा, मधेच तुटायचा, पानी प्यायची, परत गायची. पाच आठवडे. रविवार सोडून. पयल्या आठवड्यात दहा बाया होत्या, मग पन्नास. मी धसईवरनं गाडी घेऊन जायाचो. परशांत ढोलकीवर. म्हातारी पुढं बसायची. सगळी किन्हवली ऐकायची."

"रविवारी का नाही?"

"रविवारी तू यायचास."

सावळी चहा घेऊन आली होती. तिने दोन्ही पेले फाइलीच्या शेजारी ठेवले आणि बाजूला झाली.

इंद्रजीत तिथेच जमिनीवर बसला. पाच आठवडे. पहाटे उठून, बिस्किटाचा पुडा खिशात घालून, या खिडकीवरून त्या खिडकीवर. कुणाच्या पाया पडला, कुणाशी भांडला. एकदा शिक्क्यासाठी साडेचार तास उभा राहिला होता आणि चक्कर येऊन भिंतीला टेकला होता. त्याच वेळी चार वाजले असतील. त्याच वेळी ती पाणी पिऊन पुन्हा सुरू झाली असेल. आणि रविवारी तो जाऊन तिला म्हणत होता, बोलू नको, घसा सांभाळ. ती मान डोलवत होती. शनिवारपर्यंत सगळा आवाज इतरांना वाटून झालेला असायचा, आणि नवऱ्याच्या वाट्याला मान यायची.

"सगळ्यांना ठाऊक होतं," तो म्हणाला. "मी सोडून."

"हां."

"मी माफ नाही करणार, धाकल्या. तुला नाही. तिला पण नाही."

"नको करू. चाय पी."

त्याने चहा घेतला नाही. फाइल मांडीवर ओढली. सकाळी सुंभ सोडलं नव्हतं, आता सोडलं. आत कागद होते तसेच होते, वर तिची सही, खाली त्याची. त्याने फाइल बंद केली, सुंभ गुंडाळलं, दोन टोकं एकत्र घेतली आणि पिळून खोचायला गेला. पीळ सुटला. पुन्हा केलं, पुन्हा सुटला. मग त्याने गाठ मारली. एकावर एक, दोन.

"शेवटचं काय गायली?" त्याने वर न बघता विचारलं.

"मला गळा नाय रे."

"म्हण."

धाकलूने इकडे तिकडे बघितलं. भेंडी घ्यायला उभी असलेली बाई जागची हलली नाही. मग त्याने खाकरून, खालच्या आवाजात, भेसूर, दोन ओळी म्हटल्या.

इंद्रजीत ऐकत होता. चौतीस वर्षांच्या संसारात तिची सगळी गाणी त्याला पाठ झाली होती. कुठे श्वास घेते, कुठे सूर लांबवते, सगळं. ही चाल त्याने कधीच ऐकली नव्हती.

"हे कुठलं गाणं?"

"तिनंच बसवलेलं. त्याच पाच आठवड्यांत."

इंद्रजीतने फाइल छातीशी धरली.

"परत म्हण," तो म्हणाला. "आणि नीट म्हण, भेंचोद."